हात ठेवून वाट पाहणारा डॉक्टर

आठवा महिना सरत आलेला असतो. दिवसभराची कामे आटोपून गरोदर बाई अंथरुणाला पाठ टेकते आणि पोट एकाएकी दगडासारखे घट्ट होते. थोड्या वेळाने ते आपोआप सैल पडते. मग पुन्हा तेच. दुखत फारसे नाही, पण मनात पाल चुकचुकते. दिवस भरायच्या आधीच कळा सुरू झाल्या की काय? घरातली वडीलधारी बाई सांगते, खोट्या कळा आहेत, पडून राहा. दवाखान्यात गेल्यावर डॉक्टर तपासतात आणि म्हणतात, काळजी नको, ब्रॅक्स्टन हिक्स आहेत.

हे नाव ऐकून अनेकांना वाटते की ब्रॅक्स्टन आणि हिक्स असे दोन डॉक्टर असावेत. प्रत्यक्षात माणूस एकच, जॉन ब्रॅक्स्टन हिक्स. एकोणिसाव्या शतकातले लंडनचे नामांकित प्रसूतितज्ज्ञ. गंमत अशी की त्यांचे नाव आज ज्या खोट्या कळांना चिकटले आहे, त्या खोट्या कळा हा त्यांच्या संशोधनाचा विषय नव्हताच. त्यांनी जे शोधले ते अधिक मोलाचे होते, आणि ते शोधायला त्यांना एकही यंत्र लागले नाही.

सूक्ष्मदर्शकात रमलेला डॉक्टर

हिक्स यांचा जन्म २३ फेब्रुवारी १८२३ रोजी इंग्लंडच्या ससेक्स परगण्यातील राय या गावी झाला. १८४१ मध्ये ते लंडनच्या गायज हॉस्पिटलच्या वैद्यकीय विद्यालयात दाखल झाले. तेव्हा शस्त्रक्रियेसाठी भूल देण्याची सोय नव्हती. जंतूंमुळे रोग होतात हे कुणाला ठाऊक नव्हते. बाळंतपणानंतर तापाने बाई दगावणे ही नेहमीची गोष्ट होती. १८४७ मध्ये त्यांनी लंडन विद्यापीठाची वैद्यकीय पदवी घेतली आणि १८५१ मध्ये एम. डी. केले. लंडनच्या उत्तरेला असलेल्या टॉटनहॅममध्ये त्यांनी भागीदारीत दवाखाना चालवला. तिथे सर्दी-खोकल्यापासून अडलेल्या बाळंतिणीपर्यंत सगळेच रुग्ण त्यांच्या वाट्याला येत.

या धावपळीतही त्यांनी एक छंद जपला होता. रुग्ण आटोपले की ते सूक्ष्मदर्शक घेऊन बसत. कीटकांच्या शृंगिकांवर असलेली बारीक संवेदनेंद्रिये, पाण्यातले हिरवे शेवाळ, झाडांच्या सालीवर वाढणारे दगडफूल अशा गोष्टींवर त्यांनी अनेक शोधनिबंध लिहिले. १८६२ मध्ये त्यांना रॉयल सोसायटीचे सदस्यत्व मिळाले. विज्ञानातला हा मोठा मान त्यांच्याकडे आला तो प्रामुख्याने या निसर्ग-अभ्यासामुळे.

या छंदाने त्यांना एक सवय लावली. समोरच्या जिवंत वस्तूला न डिवचता, ती आपणहून काय करते ते पाहत राहायचे. पुढे हीच सवय त्यांच्या डॉक्टरकीत उपयोगी पडली.

वार खाली असली की

१८५० च्या दशकाच्या अखेरीस हिक्स गायज हॉस्पिटलच्या प्रसूती विभागात रुजू झाले. त्या काळातल्या डॉक्टरांना घाम फोडणारी एक अवस्था म्हणजे वार गर्भाशयाच्या मुखावर असणे. नेहमी वार गर्भाशयाच्या वरच्या भागात चिकटलेली असते. ती खाली, मुखावर आली की बाळंतपणाच्या वेळी मुख उघडू लागताच वार सुटते आणि रक्ताचा लोट सुरू होतो. आज अशा बाईचे निदान सोनोग्राफीत आधीच होते, वेळेवर सिझेरियन करता येते आणि रक्त चढवता येते. त्या काळी यातले काहीच नव्हते. सिझेरियन करणे म्हणजे आईच्या मृत्यूवर जवळजवळ शिक्कामोर्तब करणे होते.

मग उपाय उरे तो मूल फिरवण्याचा. डॉक्टर संपूर्ण हात गर्भाशयात घालून मुलाचा पाय पकडत आणि मूल पायाळू करून बाहेर ओढत. पण हात आत जाण्याइतके मुख उघडेपर्यंत वाट पाहिली तर बाई रक्तस्रावाने जाई. जबरदस्तीने हात घातला तर मुख फाटे, आणखी रक्त जाई, आणि त्यातून वाचली तरी पुढे बाळंतरोगाचा ताप असेच.

हिक्स यांनी १८६० मध्ये वेगळा मार्ग मांडला. मुखातून फक्त एक किंवा दोन बोटे आत घालायची आणि दुसरा हात बाहेरून पोटावर ठेवायचा. आतली बोटे मुलाचे डोके बाजूला सारतील, बाहेरचा हात मुलाचा ढुंगणाकडचा भाग खाली आणेल. दोन्ही हात एकमेकांच्या साथीने काम करतील आणि मूल फिरेल. मग पाय हळूच खाली घ्यायचा. मुलाचा खालचा भाग वारेवर दाबून बसला की रक्त थांबते. मुख सावकाश उघडू द्यायचे, घाई करायची नाही. १८६४ मध्ये त्यांनी या पद्धतीवर स्वतंत्र पुस्तक प्रसिद्ध केले.

या पद्धतीत मूल पुष्कळदा वाचत नसे, हे कटू सत्य आहे. पण अशा कित्येक आया वाचू लागल्या. पुढे सिझेरियन सुरक्षित झाले, रक्तपेढ्या आल्या आणि ही पद्धत मागे पडली. तोवरची अनेक दशके मात्र अडलेल्या बाईजवळ बसलेल्या डॉक्टरकडे ती एक खात्रीची युक्ती होती.

बाहेरून मूल फिरवणाऱ्याला एक गोष्ट शिकावीच लागते. गर्भाशय घट्ट असताना मूल फिरत नाही. आकुंचन आले की हात थांबवायचा, ते ओसरले की पुढे सरकायचे. अशा कामात मुरलेल्या हाताला गर्भाशय केव्हा घट्ट होते आणि केव्हा सैल पडते याची जाण असतेच.

पोटावरचा स्थिर हात

१८७१ मध्ये हिक्स लंडनच्या ऑब्स्टेट्रिकल सोसायटीचे अध्यक्ष होते. त्याच वर्षी त्यांनी या संस्थेपुढे एक निबंध वाचला. विषय होता गरोदरपणाच्या संपूर्ण काळात होणारी गर्भाशयाची आकुंचने.

तोवरची सर्वसाधारण समजूत अशी होती की गरोदरपणात गर्भाशय शांत असते. शेवटच्या महिन्यांत पोट चोळले, दाबले किंवा थंड हात लावला तर ते घट्ट होते, हे डॉक्टरांना माहीत होते. पण ती बाहेरच्या डिवचण्याला मिळालेली प्रतिक्रिया मानली जाई.

हिक्स यांनी डिवचणे बंद केले. तळहात पोटावर नुसता टेकवायचा. चोळायचे नाही, दाबायचे नाही. आणि हात तसाच ठेवून ५ ते २० मिनिटे थांबायचे. इतका वेळ थांबले की गर्भाशय आधी सैल असेल तर घट्ट होताना जाणवते आणि आधी घट्ट असेल तर सैल पडताना जाणवते. बहुतेक वेळा हे दर पाच-दहा मिनिटांनी घडते. अर्ध्या तासाची उसंत क्वचितच मिळते. प्रत्येक आकुंचन काही मिनिटे टिकते. आणि हे फक्त शेवटच्या महिन्यांत घडत नाही. गर्भाशय बाहेरून हाताला लागू शकेल इतके वाढले की, म्हणजे साधारण तिसऱ्या महिन्यापासून, ते दिवस भरेपर्यंत हे चालूच असते. यातली बरीच आकुंचने बाईच्या स्वतःच्या लक्षातही येत नाहीत.

म्हणजे गर्भाशय हा नऊ महिने निजलेला आणि शेवटच्या दिवशी जागा होणारा अवयव नाही. तो सगळा काळ हलक्या हाताने काम करत असतो. या आकुंचनांमुळे गर्भाशयाच्या भिंतीतले रक्त पुढे सरकत राहते आणि मुलाला गर्भाशयाच्या आकारात नीट बसायला मदत होते, असे हिक्स यांनी मांडले. खोटी, फसवी, निरर्थक असे काही त्यांना यात दिसले नव्हते. त्यांच्या लेखी ही निरोगी गर्भाशयाची नेहमीची चाल होती.

गाठ की गर्भ?

या शोधाचे तेव्हा एवढे महत्त्व का होते, हे समजायला त्या काळातला डॉक्टर डोळ्यांसमोर आणावा लागेल. लघवीच्या तपासणीवरून दिवस राहिल्याचे ओळखण्याची पहिली भरवशाची चाचणी १९२० च्या दशकाच्या अखेरीस आली. पोटातल्या गर्भाची सोनोग्राफी १९५८ नंतरची. १८७१ मध्ये डॉक्टरकडे होते ते बाईने सांगितलेले, डोळ्यांना दिसलेले आणि हाताला लागलेले. मुलाचे ठोके नळीने ऐकता येत, पण त्यासाठी पाचवा महिना उजाडावा लागे.

याच सुमारास अंडाशयाच्या मोठ्या गाठी पोट उघडून काढण्याच्या शस्त्रक्रिया इंग्लंडमध्ये वाढू लागल्या होत्या. पोट वाढलेली बाई समोर आली की प्रश्न पडे, ही गाठ की गर्भ? चुकीचे उत्तर महाग पडे. गाठ समजून गरोदर गर्भाशयात सुई किंवा सुरी खुपसली गेली तर दोन जीव धोक्यात येत. उलट गर्भ समजून गाठीकडे दुर्लक्ष झाले तर बाईचा वेळ हातचा जाई.

हिक्स यांनी या प्रश्नाला साधे उत्तर दिले. हात ठेवा आणि थांबा. अंडाशयाची गाठ आपणहून घट्ट-सैल होत नाही. गर्भ असलेले गर्भाशय होते. मूल जिवंत आहे की नाही हे या खुणेवरून कळत नाही, पण गर्भाशयात गर्भ असावा हे कळायला तिची मोठी मदत होते. ही खूण पुढे ब्रॅक्स्टन हिक्स खूण म्हणून पाठ्यपुस्तकांत गेली. चाचण्या सुधारल्या तशी तिची गरज संपली आणि नाव तेवढे मागे उरले. ते नाव मग प्रसूतीच्या नसलेल्या सगळ्याच कळांना लावले जाऊ लागले.

हातानंतर यंत्र

हिक्स यांचा निबंध १८७२ मध्ये छापून आला. त्याच वर्षी जर्मनीत फ्रीडरिश शात्स या डॉक्टरने गर्भाशयात पाण्याचा छोटा फुगा ठेवून आकुंचनाचा दाब कागदावर रेखाटून दाखवला. एकीकडे हात, दुसरीकडे यंत्र. आकुंचने मोजण्याचे दोन्ही रस्ते जवळजवळ एकाच वेळी सुरू झाले.

यंत्राचा रस्ता पुढे दक्षिण अमेरिकेतल्या उरुग्वे देशात पोहोचला. तिथे विसाव्या शतकाच्या मध्यावर रोबेर्तो काल्देरो-बार्सिया आणि एर्मोहेनेस आल्वारेस यांनी पोटातून बारीक नळी गर्भजलात घालून आकुंचनांचे आलेख काढले. दहा मिनिटांतली आकुंचने आणि त्यांचा जोर यांचा हिशेब करणारे एकक त्यांच्या शहराच्या नावाने, माँटेव्हिडिओ एकक म्हणून, आजही वापरले जाते. हिक्स यांच्या हाताला जे लागले होते ते या आलेखांत स्पष्ट उमटले. गरोदरपणातली हलकी आकुंचने हळूहळू वाढत प्रसूतीच्या कळांत मिसळत जातात. दोन्हींमध्ये पक्की भिंत नसते.

मग १९८० च्या दशकात अमेरिकेत एक नवी आशा निर्माण झाली. वेळेआधी प्रसूतीचा धोका असलेल्या बायकांच्या पोटाला घरीच पट्टा बांधायचा, यंत्राने आकुंचने मोजायची आणि नोंद फोनवरून केंद्राला पाठवायची. आकुंचने वाढताच औषध देऊन अकाली प्रसूती रोखता येईल, असा विचार त्यामागे होता. विचार पटण्यासारखा होता, पण कसोटीला उतरला नाही. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, २,४२२ गरोदर बायकांच्या मोठ्या अभ्यासात घरच्या यंत्राने अकाली प्रसूती कमी झाल्या नाहीत. परिचारिकेने आठवड्यातून एकदा विचारपूस केलेल्या बायकांचे निकाल तितकेच चांगले होते. उलट रोज यंत्र लावणाऱ्यांच्या दवाखान्याच्या अवांतर फेऱ्या वाढल्या आणि औषधेही जास्त दिली गेली. २००२ मध्ये आणखी एका अभ्यासाने दाखवले की ज्यांची प्रसूती पुढे लवकर झाली त्यांच्यात आकुंचने किंचित जास्त होती खरी, पण नुसत्या आकड्यावरून कुणाची प्रसूती लवकर होणार हे ओळखता येत नाही.

हिक्स यांचा निबंध वाचलेल्याला याचे आश्चर्य वाटू नये. जे सगळ्याच गर्भाशयांत चालू असते, त्याच्या नुसत्या मोजणीने आजारी आणि निरोगी वेगळे कसे निघणार?

मग काय पाहायचे?

याचा अर्थ पोट घट्ट होण्याकडे दुर्लक्ष करावे असा नाही. खोट्या कळा या शब्दाने कधी कधी नको तितका धीर मिळतो आणि बाई खऱ्या कळा अंगावर काढते. पाहायची ती आकुंचनांची चाल.

नेहमीची आकुंचने अनियमित असतात. संध्याकाळी, दमल्यावर, पाणी कमी प्यायल्यावर किंवा लघवी तुंबल्यावर ती जास्त जाणवतात. लघवी करून, पाणी पिऊन, कुशीवर पडून तासभर विश्रांती घेतली की बहुधा विरतात. प्रसूतीच्या कळा विश्रांतीला जुमानत नाहीत. त्या नियमित येतात, दोन कळांतले अंतर कमी होत जाते, कळ अधिक वेळ टिकते आणि जोर वाढतो. बऱ्याचदा त्या कमरेतून निघून पुढे ओटीपोटात येतात. घरी तपासायचे असेल तर हिक्स यांचीच रीत पुरेशी आहे. घड्याळ समोर ठेवून तळहात पोटावर टेकवायचा, चोळायचे नाही, आणि प्रत्येक वेळी पोट कधी घट्ट झाले, कधी सैल पडले ते लिहून ठेवायचे.

सदतीस आठवडे पूर्ण होण्याआधी विश्रांतीनंतरही तासाभरात चार किंवा त्याहून अधिक कळा जाणवत असतील, तर रुग्णालय गाठावे. अंगावरून पाणी किंवा रक्त गेले, बाळाची हालचाल मंदावली, किंवा पोट घट्ट झाले ते सैलच पडेना आणि सतत दुखू लागले, तर कळा मोजत बसू नये, लगेच निघावे. यातली शेवटची खूण विशेष धोक्याची. गर्भाशय सैल पडत नाही तेव्हा वार आतल्या आत सुटलेली असू शकते. कळा खऱ्या की नाहीत याचा निर्णय शेवटी गर्भाशयाचे मुख तपासूनच होतो. तो घरी होत नाही. तपासणीनंतर परत पाठवले तर उगाच गेलो असे मानून पुढच्या वेळी संकोच करू नये.

उरलेला वारसा

हिक्स १८८३ पर्यंत गायज हॉस्पिटलमध्ये काम करत राहिले आणि पुढे १८८८ मध्ये सेंट मेरीज हॉस्पिटलमध्ये रुजू झाले. बाळंतरोगाच्या तापावरही त्यांनी अभ्यास केला. वेजवूड कारखान्याची नक्षीदार चिनी मातीची भांडी जमवण्याचा त्यांना नाद होता. अखेरची वर्षे त्यांनी हॅम्पशायरमधल्या लिमिंग्टनजवळ काढली. तिथेच २८ ऑगस्ट १८९७ रोजी, वयाच्या ७४ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

मूल फिरवण्याची त्यांची पद्धत आता इतिहासजमा झाली आहे. गर्भाची खूणही कुणाला लागत नाही. पण हात ठेवून थांबण्याची रीत टिकून आहे. आपल्याकडच्या सरकारी रुग्णालयातल्या प्रसूतिगृहात आजही परिचारिका बाळंतिणीच्या पोटाच्या वरच्या भागावर तळहात ठेवून दहा मिनिटे घड्याळाकडे पाहत उभी राहते. दहा मिनिटांत कळा किती आल्या, प्रत्येक किती सेकंद टिकली, हे ती प्रसूती-आलेखाच्या चौकटींत भरते. प्रत्येक कळेत वारेकडे जाणारे रक्त थोडा वेळ कमी होते आणि दोन कळांच्या मधल्या उसंतीत बाळाचा प्राणवायू भरून निघतो. कळा वाढवणारे औषध चालू असताना दहा मिनिटांत पाचाहून अधिक कळा येऊ लागल्या की ती उसंत उरत नाही. ते सर्वात आधी तिच्या हाताला कळते, आणि ती औषधाची गती कमी करते किंवा ते थांबवते.

खाटा भरलेल्या असतात, दुसरी बाई हाका मारत असते, दहा मिनिटे एका जागी उभे राहणे सोपे नसते. दीडशे वर्षांपूर्वी हिक्स यांनीही हेच केले होते. हात ठेवला, हलवला नाही, आणि पुरेसा वेळ थांबले.